हिल्डाचं सेटिंग

ॲन्सेल्म तुस्कानोचा आवाज मोठा. उगाच मोठा नव्हे, त्याने तो कमावलेला होता. त्याची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली, आणि ज्या काळात झाली त्या काळात वसईहून मुंबईला बोलायचं तर तारेपेक्षा स्वतःच्या छातीवर जास्त भरवसा ठेवावा लागे. खांबावर चढून, चाचणीचा फोन कानाला लावून, "हॅलो, उमेळ्याहून बोलतोय" असं तो एवढ्या जोराने सांगायचा की खालून जाणारे म्हणत, बाबा, मग फोन कशाला हवा? पुढे तो निवृत्त झाला, तारा जमिनीखाली गेल्या, नंतर त्यांचीही गरज उरली नाही, पण आवाज तेवढा खांबावरच राहिला. तो दूधवाल्याशी बोलला की आज तुस्कानोंकडे अर्धा लिटर जास्त लागणार हे शेजारच्या घरांनाही कळायचं.

अशा माणसाच्या बायकोला कमी ऐकू यावं, यावर जे काही विनोद करता येतील ते उमेळ्यात केव्हाच करून झाले आहेत. आपण त्यात वेळ घालवायला नको. हिल्डाला साठीनंतर हळूहळू ऐकू येईनासं झालं. आधी कुकरच्या शिट्ट्या चुकू लागल्या, मग फोन, मग चर्चमधल्या मिस्सेतलं प्रवचन. प्रवचनाचं तिला फारसं दुःख झालं नाही. पण एका मे महिन्यात क्रुसापाशी रोजरी सांगताना ती अडखळली, आणि त्या रात्री ती जेवली नाही.

ही रोजरी काय ते सांगायला हवं. तुस्कानोंच्या वाडीच्या तोंडाशी दगडी क्रूस आहे. मेमध्ये त्याचा सण, आणि सणाआधी नऊ संध्याकाळी तिथे सगळी आळी जमते. पूर्वी आजूबाजूला केळी होत्या, आता एका बाजूला सात मजली इमारत आहे, पण क्रुसाला कोणी हात लावलेला नाही. रोजरी म्हणजे माळेवरची प्रार्थना, ती एक जण सांगतो आणि बाकीचे म्हणतात. सांगणाऱ्याने 'नमो मारिया'चा पहिला अर्धा भाग म्हणायचा, लोकांनी दुसरा म्हणायचा, त्यांचा 'आमेन' खाली पडायच्या आत सांगणाऱ्याने पुढचा उचलायचा. मध्ये खंड पडता कामा नये. लवकर उचलला तर लोकांच्या तोंडावर पडतो, उशीर झाला तर सगळे माना वर करून बघतात. म्हणजे सांगणाऱ्याचं अर्धं काम तोंडाचं आणि अर्धं कानाचं. उमेळ्यात ती आधी हिल्डाची सासू सांगायची, आणि तिच्या मागे हिल्डा. वाडी सासऱ्याची होती, घर नवऱ्याचं होतं, घरातले निर्णय नवऱ्याच्या आवाजात व्हायचे. रोजरी तेवढी हिल्डाची होती.

तर त्या उपाशी रात्रीनंतर ॲन्सेल्म तिला ज्युलीकडे घेऊन गेला. ज्युली डाबरे ही पलीकडच्या गावची पोरगी, कानाचं शिकलेली, वसई स्टेशनजवळ तिचं छोटंसं क्लिनिक होतं. तिने हिल्डाचे कान तपासले आणि दोन्ही कानांना मशिनं दिली. ही मशिनं चष्म्यासारखी नसतात, घातली की झालं असं त्यात नाही. कुठला आवाज किती चढवायचा आणि कुठला उतरवायचा हे ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे कॉम्प्युटरवर लावावं लागतं, पुन्हा पुन्हा लावावं लागतं. पहिल्या दिवशी ज्युली हिल्डाला जे जे विचारी त्याचं उत्तर ॲन्सेल्म देई. शेवटी ज्युली म्हणाली, अंकल, तुम्ही बाहेर बसाल का, तुमच्या आवाजाने माझी मापं गोंधळतात. कारण तांत्रिक होतं, आणि तांत्रिक कारणाला ॲन्सेल्म नेहमी मान देतो. तो आनंदाने बाहेर जाऊन बाकावर बसला. एकदा तिने त्याच्या आवाजाचा नमुना फोनवर मागवला, तर त्याने लिनक्स या आपल्या लाडक्या कॉम्प्युटर प्रणालीबद्दल चांगलं लांबलचक भाषण रेकॉर्ड करून पाठवलं.

दीड-दोन वर्षं हिल्डा ज्युलीकडे जात राहिली. आणि खरंच फरक पडला. रोजरी पुन्हा घड्याळासारखी चालू झाली. शिवाय ॲन्सेल्मला आणखी एक गोष्ट जाणवली, जी त्याने फक्त चर्चच्या ऑफिसातल्या फर्डिनंडला सांगितली. पूर्वी तो बोलायला लागला की हिल्डाला हमखास परसात काहीतरी काम निघायचं. आता ती समोर बसायची. तो बोलत असायचा आणि ती वाल सोलत ऐकत असायची, मध्येच हसायची सुद्धा. म्हातारपणी संसाराला गोडी आली ती त्या मशिनांमुळे, असं तो म्हणाला, आणि फर्डिनंडने मान डोलावली.

फर्डिनंड सहसा त्याच्यापुढे मान डोलावत नसे, कारण चर्चच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवलं होतं ते ॲन्सेल्मने, आणि तेव्हापासून प्रिंटर रुसून बसला होता. निवृत्तीनंतर ॲन्सेल्मला हा एकच नाद लागला. जो भेटेल त्याला तो सांगायचा की लिनक्स कोणा कंपनीच्या मालकीचं नाही, त्याच्या आत काय आहे ते कोणालाही उघडून बघता येतं, बदलता येतं. ज्या मशीनच्या आत आपल्याला बघता येत नाही ते आपलं नव्हेच, आपण त्यात भाड्याने राहतो. लोक ऐकून घ्यायचे. न ऐकून करतात काय, आवाजच तसा.

मग ज्युलीला कॅनडाचा व्हिसा मिळाला. क्लिनिक विकलं गेलं. जायच्या आधी ती मुद्दाम उमेळ्याला आली आणि मशीन कॉम्प्युटरला जोडायची जुनी डबी तिने हिल्डाच्या हातात ठेवली. पण मशिनांच्या कंपनीचा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालणारा, कुलूपबंद, आतलं काही न दाखवणारा. आणि ॲन्सेल्मच्या लॅपटॉपवर विंडोजला बंदी. तत्त्व मोडायचं की बायकोचे कान? त्याने मधला मार्ग काढला. लिनक्सच्या आतच एक खोटं मशीन तयार केलं आणि त्यात विंडोज बसवलं. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. घरमालकाने मागच्या खोलीत भाडोत्री ठेवावा तसं ते. भाडोत्र्याला वाटतं सगळं घर आपलंच आहे, पण त्याची कडी बाहेरून. ॲन्सेल्मला ही सोय फार आवडली. त्यातही त्याला सर्वात आवडायचा तो स्नॅपशॉट. आतल्या मशीनची आहे ती स्थिती टिपून ठेवायची, आणि पुढे काही बिघडलं की एका बटनात तिथे परत जायचं. झालेलं न झाल्यासारखं होतं. त्याने प्रोग्राम बसल्या बसल्या तसा एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला. त्यानंतर ज्युलीने हिल्डाची फाइल, दोन वर्षांची सगळी सेटिंगं, आत घातली, तिघं जेवली, आणि ज्युली गेली.

नंतरची तीन वर्षं त्या डबीला कोणी हात लावला नाही, कारण गरजच नव्हती. यंदाच्या मेमध्ये, क्रुसाची रोजरी सुरू व्हायला आठवडा असताना, ॲन्सेल्मला वाटलं की मशिनं जरा आणखी चांगली करू. हिल्डाने काही म्हटलं होतं का? नाही. ती म्हणाली, चाललंय ते चालू द्या. पण रिकाम्या माणसाला चालू असलेलं बघवत नाही.

प्रोग्राम उघडला तर त्याने आधी स्वतःला अपडेट करून घेतलं. अपडेट झाल्यावर म्हणाला, मी व्हर्च्युअल मशीनमध्ये चालत नाही. बस. ॲन्सेल्मने कंपनीच्या नावाने बोटं मोडली, हिल्डाला बोलावून बंदिस्त सॉफ्टवेअरवर पाच मिनिटं व्याख्यान दिलं, आणि मग हसून म्हणाला की असल्यांना मी ओळखून आहे, माझ्याकडे स्नॅपशॉट आहे. बटन दाबलं. आतलं मशीन तीन वर्षं मागे गेलं. जुना प्रोग्राम निमूट उघडला. त्याने हिल्डाची मशिनं डबीला जोडली, तेव्हा प्रोग्रामने विचारलं की या बाईंची फाइल माझ्याकडे नाही, मशिनांमधलं सेटिंग ठेवू की नव्याने लावू?

इथे माणसाने थांबायला हवं होतं. फाइल का नाही, हे विचारायला हवं होतं. पण स्नॅपशॉट हाताशी असला की माणूस थांबत नाही. नव्याने लाव, स्वच्छ होईल, नाही पटलं तर परत मागे जाऊ, असं म्हणून ॲन्सेल्मने बटन दाबलं. हिल्डाने मशिनं कानात घातली. तिचा हात आपोआप कानाकडे गेला.

"काय झालं?" ॲन्सेल्मने विचारलं.

तिने डोळे मिटले आणि उघडले. "बरं हाय," ती म्हणाली.

तिचा चेहरा काही बरा दिसत नव्हता. ॲन्सेल्म लगेच मागे गेला. मागे गेलं ते फक्त आतलं मशीन. त्याने पुन्हा ती मशिनं जोडून बघितली, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं. कॉम्प्युटरच्या आतलं सगळं मागे जात होतं, पण कानातली मशिनं कॉम्प्युटरच्या आत नव्हती. ती हिल्डाच्या कानात होती, बाहेरच्या जगात, आणि तिथे स्नॅपशॉट नसतो. स्नॅपशॉट ज्युलीची फाइल घालायच्या आधीचा, त्यामुळे ती तर त्या पहिल्या बटनातच गेली होती. सगळ्या आळीला बॅकअपचं महत्त्व सांगणाऱ्या या माणसाकडे वाडीतल्या प्रत्येक फणसाच्या फोटोचा बॅकअप होता. मागच्या खोलीतल्या विंडोजचा मात्र नव्हता. भाडोत्र्याच्या सामानाचा विमा आपण कशाला उतरवायचा, असं तो त्या वेळी गमतीने म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी तो तिला रिक्षात घालून वसईतल्या एका नव्या क्लिनिकमध्ये घेऊन गेला. तिथल्या तरुणाने मशिनं उलटसुलट केली आणि ही मॉडेलं बंद झाली म्हणाला, तरीही भला माणूस, त्याच्याकडच्या जुन्या प्रोग्रामवर बसला. तो काही फिरवी आणि विचारी, आता कसं वाटतं? हिल्डा शेजारी बसलेल्या ॲन्सेल्मकडे बघे आणि म्हणे, बरं हाय. तीन-चारदा झालं. तरुणाने हात झटकले, म्हणाला, त्यांना बरं वाटतंय तर मी आणखी काय करू?

घरी आल्यावर ॲन्सेल्म स्वतःच बसला. चार दिवस बसला. टेबलाच्या एका बाजूला तो आणि लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला हिल्डा, कानात मशिनं, गळ्यात डबीची वायर. तो स्क्रीनवरची पट्टी सरकवे आणि विचारे, आता? ती म्हणे, बरं हाय. आणखी चढवू? चढवा. उतरवू? उतरवा. बाजूच्या इमारतीत कोणी ड्रिल मारलं की तिचे खांदे वर जायचे, त्याने चमचा खाली ठेवला तरी तिच्या कपाळाला आठी पडायची, आणि विचारलं की उत्तर तेच. चौथ्या दिवशी दुपारी त्याने एक पट्टी बरीच सरकवली आणि आशेने विचारलं, आता कसं? हिल्डा जरा थांबली, जणू नीट ऐकून बघतेय अशी, आणि म्हणाली, "आता चांगलं हाय." ॲन्सेल्मला एवढं हायसं वाटलं की तो सेव्ह करायला वाकला, आणि त्याला दिसलं की डबीची वायर केव्हाच सुटून लोंबत होती. त्याने सरकवलेलं काहीच तिच्या कानापर्यंत पोचलेलं नव्हतं.

त्याने वायर पुन्हा खोचली. तिच्या त्या 'चांगलं हाय'चा त्याला राग यायला हवा होता, पण त्याला नुसती लाज वाटली, आणि का वाटली तेही कळलं नाही.

संध्याकाळी त्याने ज्युलीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, ती कामावर जायच्या घाईत होती, तरी थांबली. फाइलची प्रत तिच्याकडे नव्हती, क्लिनिकचा कॉम्प्युटर विकताना सगळं पुसलेलं. मग निदान आठवतं ते सांग, ॲन्सेल्म म्हणाला, तुझं सेटिंग होतं ते.

"अंकल, ते माझं नव्हतंच," ज्युली म्हणाली. "आन्टी सांगायच्या, मी फिरवायचे. जाम तक्रारी करायच्या. माझ्या सगळ्या पेशंटमध्ये एक नंबर."

ॲन्सेल्मला वाटलं ती दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतेय. हिल्डाने लग्नापासून आजतागायत कशाचीही तक्रार केल्याचं त्याला आठवत नव्हतं. कसल्या तक्रारी, त्याने विचारलं. ज्युली आठवून आठवून सांगू लागली. भांडी टोचतात. पंखा गुरगुरतो. चर्चमधला माइक डोक्यात जातो. एकदा तर बांगड्यांचा आवाज नको म्हणून अर्धा दिवस बसवून घेतलं. हसत हसत सांगत होती, आणि हसता हसताच थांबली.

"आणखी?" ॲन्सेल्म म्हणाला.

"जाऊ द्या ना अंकल."

"सांग. मला लावायचंय ते."

"तुमचा आवाज," ज्युली म्हणाली. "त्यांना लागायचा तो. रडल्या होत्या एकदा माझ्याकडे. म्हणाल्या, ऐकू येत नव्हतं तेच बरं होतं. मग मी तुमचं रेकॉर्डिंग मागवलं, आठवतं? त्यातून तुमच्या आवाजाचा पट्टा काढला आणि तेवढाच खाली आणला. बाकी सगळं वर, तुम्ही तेवढे खाली. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या. सॉरी हां, अंकल."

ॲन्सेल्मने विचारलं की ते पुन्हा करता येईल का. येईल, ती म्हणाली, पण आन्टी बोलल्या पाहिजेत, आणि तुमच्यासमोर त्या बोलणार नाहीत. मी इथून स्क्रीन बघते, तुम्ही बाहेर जा. तसंही करून बघितलं. ॲन्सेल्म सगळं जोडून वाडीत जाऊन उभा राहिला, आंब्याखाली, पाठ करून. पण थोड्याच वेळात हिल्डाने खिडकीतून हाक मारली. ज्युली काय म्हणते ते तिला कळतच नव्हतं. मशीन लावायला ज्युलीचं ऐकू यायला हवं, आणि ज्युलीचं ऐकू यायला मशीन लागलेलं हवं. त्यात मागच्या खोलीतल्या विंडोजने डबीही मध्येच सोडून दिली. ज्युलीला कामावर जायचं होतं. बघू, पुन्हा बसू, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं.

त्या रात्रीपासून ॲन्सेल्म हळू बोलू लागला. त्याने ते आयुष्यात केलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला शब्दच सुचेनात. जेवताना त्याने हळूच मीठ मागितलं. हिल्डाने वर बघितलं. त्याने पुन्हा हळूच मागितलं. तिने उठून त्याच्या कपाळाला हात लावला. "बरं नाय काय तुम्हाला?" तिने विचारलं. मग तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, मीठ, आणि तिचे डोळे क्षणभर मिटले. आता ते त्याला दिसत होतं. आधीही मिटत असतील, लग्न झाल्यापासून मिटत असतील, पण त्याने कधी बघितलं नव्हतं. हळू बोलावं तर ती त्याला ऐकू शकत नव्हती, आणि मोठ्याने बोलावं तर ते तिला सोसत नव्हतं. मधली जागा फक्त त्या सेटिंगमध्ये होती, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने पुसलं होतं. म्हातारपणीची जी गोडी त्याने फर्डिनंडला सांगितली होती ती हीच जागा. ती हसायची तेव्हा त्याला वाटायचं, आपलं बोलणं आवडतंय.

तिला विचारावं असं त्याला शंभरदा वाटलं. पण विचारणार कोणत्या आवाजात? त्याने फक्त एवढं सुचवलं की पुन्हा क्लिनिकमध्ये जाऊ, या वेळी मी बाहेर बसेन. हिल्डाने त्याच्याकडे जरा रोखून बघितलं. सण झाल्यावर बघू, ती म्हणाली. आणि यंदाची रोजरी लविनाला सांगू द्यायची का, असं त्याने विचारलं तेव्हा तिने ऐकलंच नाही. खरंच ऐकलं नाही की नाही, हे सांगता येणार नाही.

लविना त्यांच्या आळीतली सून, बँकेत नोकरीला, पाठांतर पक्कं, आवाज गोड. हिल्डानंतर रोजरी तिच्याकडे जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या संध्याकाळी तीच क्रूस धुऊन, अबोलीचा हार घालून, मेणबत्त्या लावून तयार होती. उकडलेल्या चण्यांचं पातेलं बाजूला झाकून ठेवलं होतं. लोक जमले, इमारतीतलीही दोन-चार माणसं आली. हिल्डा पुढे क्रुसाजवळ, हातात माळ. ॲन्सेल्म मुद्दाम सगळ्यांच्या मागे, कुंपणाला टेकून उभा राहिला. आज तोंड उघडायचं नाही असं त्याने ठरवलं होतं.

पहिलं 'नमो मारिया' हिल्डाने सुंदर सांगितलं. लोकांनी उत्तर दिलं. त्यांच्या आवाजाची एकच घरघर तिच्या कानात शिरत असणार, कारण ती लोकांच्या तोंडांकडे बघत होती, आणि कातरवेळेला तोंडं धड दिसत नाहीत. आमेन झाला. ती थांबून राहिली. कोणीतरी खोकलं. मग तिला कळलं, तिने घाईने पुढचं उचललं. त्यानंतर उशीर होऊ नये म्हणून तिने लवकर उचललं, आणि लोक अजून मध्यात होते. अर्धे थांबले, अर्धे म्हणत राहिले. लहान पोरं हसली, त्यांना कोणीतरी दटावलं. पुन्हा उशीर, पुन्हा घाई. पहिल्या दशकाच्या, म्हणजे दहा मण्यांच्या, शेवटापर्यंत सगळ्यांच्या माना खाली गेल्या होत्या, कारण कोणाला तिच्याकडे बघवेना. लविनाने मायेने हिल्डाच्या दंडाला हात लावला आणि पुढचं 'नमो मारिया' म्हणायला तोंड उघडलं.

ॲन्सेल्मने ठरवून काहीच केलं नाही. लोकांचं उत्तर संपत आलं आणि कुंपणापासून त्याचा आवाज निघाला, खांबावरून निघायचा तसा, "आमेन."

हिल्डाचा चेहरा आवळला. डोळे मिटले, हात कानाकडे अर्धा उठला. तो तिने खाली घेतला आणि लगेच, खंड पडू न देता, पुढचं 'नमो मारिया' उचललं. लविनाने तोंड मिटलं.

मग तेच चाललं. ती सांगायची, लोक म्हणायचे, आणि शेवटी तो आपल्या त्या आवाजात आमेन म्हणायचा. तो तेवढाच आवाज तिला नीट पोचत होता. प्रत्येक वेळी तिचे डोळे मिटायचे, प्रत्येक वेळी ती पुढचं उचलायची. मेणबत्तीच्या उजेडात त्याला ते लांबून दिसत होतं. एकदा त्याने थोडं हळू म्हणून बघितलं, तर ती चुकली. पुन्हा मोठ्याने म्हटलं, ती सावरली. एकेका आमेनला त्याला वाटायचं, हा शेवटचा असावा, आणि माळेचे मणी तर कितीतरी शिल्लक होते. बाकीची चार दशकं तशी गेली, मग लादीनची शेवटची प्रार्थना झाली, आणि लोकांनी चण्यांसाठी हात पुढे केले. फर्डिनंड त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "काय श्रद्धा आहे तुस्कानो तुमची. आवाज अजून तसाच."

दोघं घरी आली. हिल्डाने पलंगावर बसून आधी एक मशीन काढलं, मग दुसरं, आणि त्यांच्या छोट्या पेटीत ठेवून झाकण लावलं. तिचा चेहरा सैल झाला. कपाळावरची आठी गेली, खांदे खाली आले. ॲन्सेल्म दाराशी उभा राहून बघत होता. तिला आता काही ऐकू येणार नाही हे माहीत असल्यामुळे त्याला विचारता आलं.

"फार लागला का?" तो हळूच म्हणाला.

हिल्डाने त्याचे ओठ हलताना बघितले. काय विचारलं असेल त्याचा तिने क्षणभर अंदाज घेतला.

"बरं झालं," ती म्हणाली. माळ गुंडाळून तिने उशाशी ठेवली. "उद्या जरा पुढं उभे राहा तुमी. लांबून नीट येत नाय."

ॲन्सेल्मने मान हलवली आणि दिवा मालवला.